सुतकातलं लोणी

घरातलं माणूस गेलं की घरातलं काय काय टाकायचं याची एक यादी असते, आणि ती घरच्यांना ठाऊक नसली तरी शेजाऱ्यांना तोंडपाठ असते. भरलेल्या घागरी ओतायच्या, शिजलेलं अन्न टाकायचं, भिजत घातलेले तांदूळ टाकायचे. डिचोलीचे दत्ताराम हळर्णकर, सरकारी कचेरीतले वरिष्ठ कारकून, वय वर्षं छप्पन्न, बायकोला अग्नी देऊन संध्याकाळी घरी परतले तेव्हा ही यादी जवळजवळ उरकत आली होती. विहिरीवर अंघोळ करून ओल्या पंच्यानेच ते मागच्या दारी आले, तर त्यांची थोरली बहीण मालतीआका चिनी मातीची एक बरणी पोटाशी धरून माडाच्या दिशेने निघालेली. ती धारगळहून दुपारीच येऊन पोचली होती आणि तेव्हापासून तिने घराचा ताबा घेतला होता.

"आका, तें खंय व्हरता?"

"माडाक घालतां. सुतकाच्या घरांतलें लोणी कोण खातलो?"

"तें सिद्धीचें."

"कोणाचेंय आसूं."

"सकाळीं केलां तें. तेन्ना सुतक नाशिल्लें."

"तेन्ना नाशिल्लें," मालतीआका म्हणाली, "आतां आसा."

दत्तारामांनी सरळ बरणी काढून घेतली. थोरल्या बहिणीच्या हातातून त्यांनी आयुष्यात हिसकावलेली ती पहिली वस्तू. भाऊ आजच विधुर झाला आहे, आज त्याला जरा सूट द्यावी, असा मालतीआकाने विचार केला. ही सूट उद्यापर्यंतच आहे हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

त्या लोण्याचं सांगायला हवं. दत्तारामांची एकुलती मुलगी सिद्धी मस्कतला एका इस्पितळात नर्स. मे महिनाअखेर ती रजेवर यायची होती. तिने पत्रात लिहिलं होतं, आई, इथे तुपाचे डबे मिळतात, पण लोणी म्हणून जे मिळतं ते लोणी नव्हे, तू माझ्यासाठी भाकरी आणि लोणी एवढंच ठेव. इकडे दूध घालणाऱ्या यशोदेची म्हैस आटत आली होती. सिद्धी येईपर्यंत ती दूध देत राहणार नाही हे ओळखून दत्तारामांच्या बायकोने, कमलाक्षीने, अकरा दिवस दुधावरची साय काढून विरजली. मंगळवारी सकाळी रवी घेऊन बसली, लोणी काढलं, सात पाण्यांनी धुतलं, गोळा करून बरणीत ठेवला आणि वर थंड पाणी घातलं. मग नवऱ्याला म्हणाली, "हें सिद्धीचें. तुमी हात लावपाचो ना." दत्ताराम वर्तमानपत्र वाचत होते. ते "हूं" म्हणाले. दुपारी जेवण झाल्यावर ती खुर्चीत बसली आणि उठलीच नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने सांगितलेली शेवटची गोष्ट लोण्याची होती आणि त्यावर आपण म्हटलेला शेवटचा शब्द "हूं" होता, हे दत्तारामांना स्मशानात लाकडं रचताना आठवलं आणि त्यानंतर दुसरं काहीच सुचेना.

रात्र पडायच्या आत त्यांनी बूथवरून मस्कतला फोन लावला. सिद्धीचा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीला गेलेला, तो हातात यायला पाच आठवडे. ती रडत होती, आणि बूथवाला दुसरीकडे बघण्याचा प्रामाणिक प्रयत्न करत होता. समजूत घालायची कामं त्या घरात कमलाक्षीकडे असत. दत्तारामांना त्याचा सराव नव्हता. तोंडाला येईल ते ते बोलले.

"तुजें लोणी आसा हां," ते म्हणाले. "आयजच काडलां तिणें."

तिकडचं रडं थांबलं. मग सिद्धी म्हणाली, "दवरात तें बाबा. हांव येतां."

झालं. लोणी ठेवतो असा दत्तारामांनी शब्द दिला आणि फोन ठेवला. एप्रिलच्या उकाड्यात लोणी पाच आठवडे टिकवायचं म्हणजे काय, याची त्यांना काडीचीही कल्पना नव्हती.

घरात फ्रिज नव्हता. आता हे सांगताना दत्ताराम खाली मान घालत, पण फ्रिज आला की माणसाला शिळं खायची सवय लागते असं त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते त्यांनी पंधरा वर्षं पाळलं होतं. तत्त्व त्यांचं आणि पायपीट कमलाक्षीची, कारण लोणी झालं की ती ते शेजारच्या वत्सलाबायच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवी. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम बरणी घेऊन कुंपणाशी गेले. वत्सलाबाय भली बाई. आदल्या संध्याकाळपासून हळर्णकरांच्या घरी पेज, भात, आमटी तीच पाठवत होती. पण बरणी बघून ती दोन पावलं मागे सरली.

"दत्तारामबाब, वायट मानूं नाकात. फ्रिजांत देवाचें दूध आसता. तेरा दीस जावंदीत, मागीर म्हज्याच घरांत."

तेरा दिवस. दत्तारामांनी विहिरीचं पाणी काढलं, बरणीतलं बदललं, ओलं फडकं गुंडाळून ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवली. दर दोन तासांनी ते उठून पाणी बदलत. भेटायला आलेली माणसं हळहळत बसलेली असत आणि ज्याच्यासाठी हळहळायचं तो माणूस मध्येच उठून न्हाणीघरात जाई. पोट बिघडलं असेल, असं समजून कोणी ओवा आणून दिला, कोणी डाळिंबाची साल.

तिसऱ्या दिवशी मालतीआकाने प्रकरण भटजींसमोर मांडलं. भटजी समंजस होते. त्यांनी विचार केला.

"दूध, दही, तूप यांना आम्ही दोष मानत नाही," ते म्हणाले.

"आणि लोणी?" दत्तारामांनी विचारलं.

"लोणी हे दह्यानंतर येतं आणि तुपाच्या आधी."

"म्हणजे मधलं. मग त्यालाही नाही."

"तसं म्हणता येईल. पण तसा स्पष्ट उल्लेख माझ्या पाहण्यात नाही. बघून सांगतो."

तीस वर्षांत याच वाक्यावर दत्तारामांनी स्वतः कित्येकांचे अर्ज परत धाडले होते. समोरचा माणूस का गप्प होऊन खाली बघत जिना उतरतो, ते त्यांना आज कळलं. दुसऱ्या दिवशी भटजींनी निकाल दिला: लोणी कढवावं. तूप झालं की प्रश्नच मिटला, शिवाय टिकेलही वर्षभर. सगळ्यांना हा निकाल फार पसंत पडला. निकालात खोट काहीच नव्हती, फक्त सिद्धीने तूप मागितलं नव्हतं आणि कमलाक्षीने तूप केलं नव्हतं. दत्तारामांनी हे दोनदा सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी कोणी तरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी मालतीआकाने चुलीवर कढई ठेवली. कढई तापल्याचा वास आला तसे दत्ताराम उठले, न्हाणीघरातून बरणी घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. सुतकात दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, आणि फ्रिज तर दुसऱ्याच्याच घरी असतात. चालता चालता बाजार आला, बस स्टँड आला, आणि स्टँडच्या कोपऱ्यावर जयवंताचा बार आला. आत भलामोठा फ्रिज गुरगुरत होता. बार हे काही घर नव्हे, असा दत्तारामांनी नियमाचा अर्थ लावला. वरिष्ठ कारकुनाला अर्थ लावायची सवय असते.

आता हेही सांगायला हवं की दत्ताराम हळर्णकरांनी जन्मात कधी बारची पायरी चढली नव्हती. कचेरीतल्या निरोप समारंभांतसुद्धा ते सरबत घेऊन लवकर निघत. आणि आज चौथ्या दिवशी, वाढलेली दाढी, अनवाणी पाय, खांद्यावर पंचा, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काही तरी, अशा थाटात ते आत शिरले. पिणारी तीन माणसं उभी राहिली. इतकी सभ्यता दत्तारामांना कचेरीतही कधी कोणी दाखवली नव्हती.

जयवंताने सगळं ऐकून घेतलं. तो गल्ल्यामागे उभा राहून ग्लास पुसत होता.

"सुतकाचें आसा, जयवंता. तुका आदींच सांगतां."

"हळर्णकरबाब, हांगा येतल्यांक सुतकूय ना आनी सोयरूय ना," जयवंत म्हणाला. त्याने फ्रिजमधल्या सोड्याच्या बाटल्या सरकवल्या आणि खालच्या खणात जागा केली. "पूण उदक तुमी येवन बदलात. म्हज्या हातांक नुस्त्यांचो वास."

असं ते ठरलं. रोज साडेसहाला कचेरीच्या वेळेसारखे नेमाने दत्ताराम बारमध्ये जात. जयवंत थंड पाण्याची बाटली काढून ठेवी. दत्ताराम बरणीतलं जुनं पाणी ओतत, नवं घालत, कुलेरने, म्हणजे चमच्याने, गोळा हलकेच दाबून पाण्याखाली आहे ना ते बघत, झाकण लावत, टॉवेल झटकत आणि घरी येत. लोणी त्यांनी चाखलं नाही. हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, आणि सांगणारी आता ती अट शिथिल करायला येणार नव्हती.

पिणाऱ्यांना लवकरच या लोण्याची आपुलकी वाटू लागली. एकाने मीठ घालायला सांगितलं, दुसऱ्याने विड्याचं पान. खाणीच्या ट्रकांवर काम करणारा राजेश नावाचा मेकॅनिक कोल्हापूरकडचा होता, आणि दुधातुपाच्या बाबतीत गोवेकरांना काही कळतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

"सायेब, पान्यात कशाला ठिवलायसा? लोनी ताकात ठिवायचं असतंय. आमची आई म्हयनाभर ठिवायची."

माणूस इतक्या खात्रीने आईचं नाव घेतो तेव्हा नाही कसं म्हणायचं? गोठा हेही घर नव्हे, म्हणून दत्ताराम यशोदेच्या गोठ्याशी गेले. म्हैस आटली होती, पण शेजारच्या गाईचं ताक तिने मिळवून दिलं. ते त्यांनी बरणीत घातलं आणि दोन दिवस पाण्याची दगदग वाचली म्हणून समाधान मानलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडताच जयवंताने नाक वळवलं. ज्याच्या हातांना बारा महिने मासळीचा वास, त्याने नाक वळवलं हे पाहून दत्तारामांनी घाईने झाकण लावलं. बरणी घेऊन ते धावत यशोदेच्या गोठ्याशी गेले.

"ताक रोज ताजें जाय, बाब," यशोदा म्हणाली. "तुमी दोन दीस तेंच दवरलें? कमलाक्षीबायन कितें म्हटलें आसतें?"

कमलाक्षी काय म्हणाली असती ते दत्तारामांना नेमकं ठाऊक होतं. यशोदेने लोणी पुन्हा सात पाण्यांनी धुऊन दिलं. आंबूस वास बराचसा गेला. बराचसाच. त्या दिवशी घरी येताना दत्ताराम स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, "चुकलं माझं," आणि समोरून येणाऱ्या शाळामास्तरांनी हळूच रस्ता बदलला.

कारण एव्हाना गावभर झालं होतं. हळर्णकर संध्याकाळी बारमध्ये जातात. काखेत काही तरी लपवून नेतात. परत येताना स्वतःशी बोलतात. बायको गेली आणि देवमाणूस बाटलीला लागला. तेरावं झालं, मालतीआका डोळे पुसत धारगळला गेली, आणि दत्ताराम आता एकदाचं लोणी वत्सलाबायकडे हलवावं म्हणून कुंपणाशी गेले. वत्सलाबायने फ्रिजात जागाही करून ठेवली होती. फक्त तिने विचारलं, इतके दिवस लोणी होतं कुठे? दत्तारामांना खोटं बोलता येत नसे. हा त्यांचा गुण आहे असं त्यांना छप्पन्न वर्षं वाटत आलं होतं.

"जयवंताच्या फ्रिजांत."

वत्सलाबाय कुंपणाजवळ सरकली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "दत्तारामबाब, लोणी दवरूंक कोण बारांत वता? तुमकां दुख्ख आसा तें आमकां कळटा. निमित्त कित्याक सोदतात?" आणि फ्रिजबद्दल म्हणाली की बाटल्यांच्या शेजारी दहा दिवस राहिलेली वस्तू देवाच्या दुधाशेजारी कशी ठेवायची. म्हणजे आधी लोण्याला सुतक होतं, ते फिटलं, तर आता त्याला बार लागला. दत्तारामांनी कुंपणावरून बरणी परत घेतली आणि साडेसहाची वाट बघू लागले.

कचेरीतल्या साहेबांनीही त्यांना आत बोलावून दार लोटलं. साहेब वयाने वीस वर्षांनी लहान. ते टेबलावरच्या पेपरवेटशी बोलले.

"हळर्णकर, असा प्रसंग कोणावरही येतो. पण मन घट्ट करायला हवं."

"साहेब, मी तिथे लोण्याचं पाणी बदलायला जातो."

साहेबांनी पेपरवेट फिरवायचा थांबवला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी करुणा दाटून आली की दत्तारामांना क्षणभर स्वतःबद्दलच शंका आली. "रजा हवी तर घ्या," साहेब म्हणाले. दत्ताराम बाहेर आले तेव्हा सगळी कचेरी फायलींत डोकं घालून बसली होती. एरवी अकराच्या आत त्या कचेरीत कोणी फाईल उघडत नसे. आपण आयुष्यभर जपलेली इभ्रत अशी एका गोळ्यापायी गेली याचं दत्तारामांना वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं, पण संध्याकाळी ते गेले. इभ्रत असून सिद्धीला वाढता येणार नव्हती.

मग वीज गेली. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून चार वर्षं झाली होती, पण केंद्रशासित असताना वीज जायची तशीच ती अजूनही जात होती. या वेळी वादळी वाऱ्याने खांबच आडवे झाले. पहिल्या दिवशी जयवंताने मासळीबाजारातला बर्फ आणून बरणीभोवती घातला, पण त्याला बांगड्याचा असा वास होता की दत्ताराम बरणी उचलून घरी आले. त्यांना आठवलं की आपल्याकडे विहीर आहे आणि विहिरीच्या तळाला कायम गारवा असतो. त्यांनी बरणी बालदीत ठेवली, बालदी दोराला बांधली आणि पाण्याला टेकेल न टेकेल अशी आत सोडली. दोर बांधायला धड खुंटी नव्हती. म्हणून साहेबांनी देऊ केलेली रजा घेऊन ते दोर हातात धरून कठड्यावर बसले. अधूनमधून वाकून बघत. बालदी हलली तर बरणी कलंडेल, म्हणून बरंच वाकून बघत.

दुपारी वत्सलाबायने आपल्या जनेलाच्या गजांतून पाहिलं. बायको गेल्यापासून एकदाही रडलेला नाही असा एक माणूस, दारूला लागलेला, कचेरीला न गेलेला, हातात दोर घेऊन विहिरीत वाकलेला. तिने आरडाओरडा केला नाही, ती शहाणी बाई. ती गुपचूप चार माणसं घेऊन मागून आली आणि पाचही जणांनी दत्तारामांना एकदम धरलं.

"बाब, असें करूं नाकात. तुमची धूव सिद्धी येतली."

"सोडात म्हाका," दत्ताराम खाली बघत ओरडले. "सकयल लोणी आसा."

असं बोलणारा माणूस सोडण्यासारखा नव्हे, हे पाचही जणांना पटलं. त्यांनी अधिकच घट्ट धरलं. दोर हातातून सुटायला लागला तेव्हा दत्ताराम विनवणीवर आले. आधी दोर धरा, मग मला धरा, असं त्यांनी हात जोडायचं शक्य नसल्यामुळे नुसतं तोंडाने सांगितलं. बालदी वर आली. बरणी शाबूत होती. पाचही जणांनी तिच्यात डोकावून पाहिलं. वत्सलाबायचे डोळे भरून आले. पण त्या संध्याकाळी तिने बूथवर जाऊन मस्कतला फोन केलाच. बाबा पितात, विहिरीवर बसतात, तू लवकर ये. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच तिने सांगितलं, तिच्यावर राग धरता येणार नाही. दोन दिवसांनी वीज आली आणि बरणी जयवंताच्या फ्रिजात परत गेली.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी पावणेसातला मुंबईहून आलेल्या बसमधून सिद्धी उतरली आणि रिक्षाने घरी आली. ती वाळली होती. दत्ताराम पडवीत उभे होते. तिने बॅगा खाली ठेवल्या, दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि दत्ताराम म्हणाले, "बस. हांव आयलोंच," आणि टॉवेल घेऊन निघाले.

"बाबा, सकाळीं सात वरांचेर खंय चल्ले?"

"जयवंतागेर. आयलोंच."

कुंपणापलीकडे वत्सलाबायने कपाळाला हात लावला. जयवंत बारच्या मागेच राहायचा. त्याला उठवून, फ्रिज उघडायला लावून दत्ताराम दहा मिनिटांत परत आले. सिद्धी बॅगेवरच बसली होती. टॉवेलाच्या गुंडाळीकडे बघून तिने इस्पितळात रोग्यांना विचारतात त्या आवाजात विचारलं, "बाबा, हें कितें?"

दत्तारामांनी टॉवेल सोडला. सिद्धीने बरणी ओळखली. मग तिने बापाकडे पाहिलं, जयवंताच्या बारच्या दिशेला पाहिलं, पुन्हा बरणीकडे पाहिलं.

"रोज?"

"रोज. उदक बदलूंक जाय मगो."

ती हसायला लागली, आणि हसता हसता मध्येच ते हसू राहिलं नाही. दत्ताराम बरणी घेऊन शेजारी उभे राहिले. त्यांना अजूनही समजूत घालता येत नव्हती.

पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत गेला तेव्हा त्यांनी गरम उंडे, गोल पाव, घेतले. भाकरी करणारं घरात कोणी नव्हतं. तिची रजा पंधरा दिवसांची, तेव्हा रोज एक कुलेर घेतली तर जाईपर्यंत पुरेल, असा दत्तारामांचा हिशेब तयार होता. सिद्धीने वास घेतला. "ना बाबा," ती म्हणाली. "हें आंबलां. आयजच सोंपोवंया." तिने उंडा फोडला, लोणी लावलं, आणि पहिला अर्धा बापापुढे धरला.

"तें तुजें," दत्ताराम म्हणाले. "म्हाका हात लावूंक ना म्हटलां."

"हांव सांगतां. खायात."

लोणी आंबट होतं. ताकाच्या त्या दोन दिवसांचा आंबटपणा, त्यावर बर्फाचा कुठे तरी किंचित बांगडा, आणि सगळ्याच्या खाली, अगदी शेवटी, जिभेच्या मागे, कमलाक्षीच्या हातचं गोड. ते एवढंसंच होतं, पण होतं. सिद्धी रडत खात होती आणि खात रडत होती. दोघांनी मिळून सहा उंडे संपवले. बरणीच्या कडेला राहिलेलं तिने बोटाने पुसून घेतलं, आणि बरणी कढत पाण्याने धुऊन पालथी घातली. दत्ताराम रडले नाहीत. सगळं नीट पार पडलं, पोरीला दिलेला शब्द पाळला गेला, याचं त्यांना समाधान वाटलं आणि ते कचेरीला गेले.

कचेरीतून घरी आले, चहा घेतला. सिद्धी आईची लुगडी काढून बसली होती. साडेसहा वाजले तसे ते उठले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि चालू लागले. बारच्या दाराशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज काखेत काही नाही आणि फ्रिजमध्येही काही नाही.

"यो, हळर्णकरबाब," जयवंत म्हणाला. सवयीने त्याने थंड पाण्याची बाटली काढून ठेवली होती. "लोणी दिलें?"

"दिलें."

"कशें जाल्लें?"

दत्तारामांनी सांगायला तोंड उघडलं आणि सांगता येईना. ते समोरच्या खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत ते त्या बारमध्ये कधी बसले नव्हते. जयवंताने बाटलीतलं पाणी दारूच्या ग्लासात, कोपात, ओतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. ते पाणी बदलायचं नव्हतं, कशावर घालायचं नव्हतं. उद्याही नव्हतं, परवाही नव्हतं. कमलाक्षी गेली होती. दत्तारामांनी मेजावर डोकं टेकलं आणि ते रडू लागले. आधी आवाज न करता, मग आवाज करून, मग स्टँडवर उभ्या असलेल्या फोंड्याच्या बसमधली माणसं वाकून बघू लागतील इतक्या मोठ्याने. राजेश मेकॅनिक आपली खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी येऊन बसला.

भाजी घेऊन परतणारी वत्सलाबाय दारात क्षणभर थांबली. समोर भरलेला कोप आणि मेजावर पडलेले दत्तारामबाब तिने पाहिले आणि लगबगीने जाऊन सिद्धीला सांगितलं, "आयज चड जाल्या, बाय. तूंच वचून हाड तांकां."

सिद्धी आली. तिने कोपातलं पाणी बघितलं, जयवंताने नाही म्हणून मान हलवली. "चलात बाबा," ती म्हणाली. दत्ताराम उठले, पण रडून डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात टाकला. आणि डिचोलीच्या भर बाजारातून, उजेड असताना, ओळखीच्या प्रत्येक दुकानासमोरून, जन्मात थेंबही न घेतलेले दत्ताराम हळर्णकर झोकांड्या खात घरी गेले. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही.